घुबडाचं नाणं घरात ठेवू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी पंचवटीत राहते. जुन्या ग्रीक नाण्यांचा नाद लागलाय, गेल्या महिन्यात अथेन्सचं चांदीचं नाणं ऑनलाइन घेतलं, एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला घुबड. सासूबाई म्हणतात घुबड अशुभ, घरात नको. सराफ बाजारात दाखवलं तर ते म्हणाले चांदी आहे, वजन १४.६ ग्रॅम भरलं. म्हणजे नाणं खरं ना? आणि घरात ठेवू का?

उत्तर : ताई, आधी घुबडाचं सांगतो. अथेन्समध्ये घुबड म्हणजे अथीना देवीचा पक्षी, आणि अथीना ही बुद्धीची देवी. लोक त्या नाण्यांना सरळ 'घुबडं'च म्हणायचे. सासूबाईंना सांगा, बंगालमध्ये तर लक्ष्मीचं वाहनच घुबड आहे, तेव्हा घरात खुशाल ठेवा. घुबडाच्या मागे ऑलिव्हची डहाळी आणि छोटीशी चंद्रकोर आहे का बघा, आणि देवीचा डोळा पण बघा, चेहरा बाजूने काढलाय पण डोळा मात्र समोरून बघितल्यासारखा पूर्ण, ही जुनी पद्धत त्यांनी बराच काळ मुद्दाम बदलली नाही कारण परदेशातले व्यापारी त्याच चेहऱ्याला ओळखून नाणं घ्यायचे.

आता वजन, आणि इथे मला वाईट वाटतंय. चार द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं चलन) ते नाणं साधारण १७.२ ग्रॅमचं असतं, झिजून थोडं कमी होतं पण अडीच ग्रॅमचा फरक म्हणजे नक्कल असण्याचीच शक्यता जास्त. चांदी खरी असली म्हणून नाणं खरं होत नाही, आजची चांदी साच्यात ओतून पण नक्कल करता येते. ती नाणी हातोडीने ठोकून पाडायची, खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तापवलेली चांदीची चकती. त्यामुळे चित्र कधी एका अंगाला सरकलेलं, कड कुठे चिरलेली. भिंगातून कडेला सगळीकडून बारीक रेघ दिसली किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ते ओतीव आहे, विकणाऱ्याला लगेच परत पाठवा. आणि कृपा करून चिंच, टूथपेस्ट लावू नका, तो काळपटपणा जपायचा असतो.

पण नाद सोडू नका हं. माझं मनापासून सांगणं, सुरुवात नाशिकच्याच नाण्यांपासून करा. १९०६ साली आपल्या जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजाच्या, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० च्या वर नाणी. त्यावर नहपानाचा चेहरा आणि भोवती चक्क ग्रीक अक्षरं! मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी या जुन्या लिप्यांतले लेख. हे वळण मिनँडरसारख्या इंडो-ग्रीक, म्हणजे वायव्य भारतात राज्य केलेल्या ग्रीक, राजांच्या नाण्यांवरून आलेलं, भडोचच्या बाजारात तर अपोलोडोटस आणि मिनँडरची जुनी नाणी त्यांच्यानंतर कितीतरी वर्षं चालत होती, 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक व्यापार-प्रवासाच्या पुस्तकात तसं लिहिलंय. म्हणजे ग्रीसकडून निघालेली अक्षरं गोदावरीपर्यंत पोचली की. पांडवलेणीतले नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख तुम्ही बघितले असतील, त्यात ३५ कार्षापणांना (चांदीची नाणी) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) असा भावसुद्धा दिलाय.

आणि साठ्यातली ९,००० च्या वर नाणी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला जिंकल्यावर परत ठोकून घेतली, नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या चार टोकांना चार वर्तुळं. अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं म्युझियम आहे, फोन करून वेळ विचारून जा, असं पुन्हा ठोकलेलं नाणं दाखवाल का म्हणून विचारा, सासूबाईंनाही न्या. मिळालं बघायला तर ते थोडं तिरकं धरा, डोंगराच्या खालून नहपानाचं नाक आणि दोन-तीन ग्रीक अक्षरं अजून डोकावतात.