आतड्याची पिशवी करायची की प्रयोगशाळेतल्या पिशवीसाठी थांबायचं?

ताई, लेक ७ वर्षांची, स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला), युरोडायनॅमिकमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीची क्षमता आणि दाब मोजणाऱ्या तपासणीत, ९० मिलीलाच दाब ५० सेंमी (पाण्याच्या उंचीत) वर. सर्जन आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी करू म्हणतायत आणि तुम्ही विचारताय, प्रयोगशाळेत वाढवलेली पिशवी येईपर्यंत थांबावं का. त्यासाठी थांबू नका.

या वयात साधारण २४० मिली मावायला हवं (वयात १ मिळवा, ३० ने गुणा). तरी खरी काळजी दाबाची. तो ४० सेंमीच्या वर राहिला की मूत्रपिंडं हळूहळू खराब होतात, आज सोनोग्राफी चांगली आली तरी. मात्र ऑपरेशनआधी बाकीचे उपाय खरोखर पुरते करून झालेत का ते बघा: ऑक्सिब्युटिनिन (पिशवी सैल करणारं औषध) पुरेशा मात्रेत, दर ३-४ तासांनी नळी घालून लघवी काढणं, रात्रभर नळी ठेवून निचरा, मग पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सचं इंजेक्शन. बोटॉक्सचा परिणाम काही महिने टिकतो, पुन्हा द्यावं लागतं. पिशवीची भिंत चामड्यासारखी घट्ट झाली असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही.

ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचा तुकडा घेतात, पण शेवटचे १५-२० सेंमी सोडून, कारण बी-१२ तिथेच शोषलं जातं. तुकडा उभा चिरून सपाट करतात. नळीसारखाच ठेवला तर तो आकुंचन पावून दाब वाढवत राहतो. नळी घालायला बेंबीतून वाट हवी असेल तर अपेंडिक्स वापरतात. बद्धकोष्ठासाठी पोटातून एनिमा द्यायची वाटही त्याच अपेंडिक्सची करतात, आणि अपेंडिक्स एकच! कोणती वाट कशाची करणार, हे आधीच विचारा. लॅटेक्सची ॲलर्जी या मुलांत बरीच दिसते. हातमोजे, नळ्या लॅटेक्सविरहितच मागा. डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असेल तर तेही टीमला आठवणीने सांगा.

पिशवीला लावलं तरी आतडं आतडंच राहतं. चिकट स्राव येतो, तो साठला की नळी तुंबते, खडे होतात. म्हणून रोज सलाइनने धुणं: ६० मिलीच्या सिरिंजने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, वजनकाट्यावर मोजून. आतडं लघवीतलं आम्ल रक्तात ओढतं, त्यामुळे रक्तातलं बायकार्बोनेट तपासत राहायचं; कमी राहिलं तर हाडं आणि उंची मार खातात. बी-१२ ची कमतरता काही वर्षांनीही उघडी पडते. नळीवरच्या मुलांच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) जंतू बहुधा दिसतातच. ताप, दुखणं, गळती नसताना प्रत्येक रिपोर्टवर अँटिबायोटिक घेत बसू नका.

प्रयोगशाळेतल्या पिशवीची बातमी २००६ ची: अमेरिकन सर्जन अँथनी अटाला यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७ रुग्णांचे निकाल दिले होते. नंतर १० मुलांवर पुढची चाचणी झाली. क्षमता आणि दाब अपेक्षेइतके सुधारले नाहीत, गंभीर गुंतागुंती मात्र झाल्या. ज्या साच्यावर पेशी वाढवून ही पिशवी करतात त्याला रक्तपुरवठा वेळेत मिळत नाही, मग तो आकसतो. आजच्या घडीला कामाचा पर्याय म्हणजे आतड्याऐवजी फुगलेली मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून पिशवीत लघवी आणणारी नळी) वापरणं. तिचं अस्तर मूत्रमार्गाचंच, म्हणून स्राव नाही. पण त्यासाठी बहुधा एक मूत्रपिंड निकामी असावं लागतं. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे पिशवी फुटणं. नळी चुकवली की शक्यता वाढते. संवेदना कमी असल्याने मूल ‘पोट दुखतंय’ म्हणेलच असं नाही. उलट्या, फुगलेलं पोट, ताप, खांदा दुखणं, नळीतून लघवी कमी येणं, एवढ्यावर तातडीने निघा. गणपती विसर्जनाच्या दिवशी पुण्यात पेठांतले रस्ते बंद असतात, तेव्हा नदीच्या तुमच्या बाजूचं कोणतं रुग्णालय गाठायचं ते आधीच ठरवा आणि ऑपरेशनची नोंद असलेला कागद दप्तरात ठेवा.