गाणी 'लावतो' की 'वाजवतो'?

एका वाचकांनी विचारलं आहे : "माझा भाचा लग्नात, हळदीत डीजेचं काम करतो. घरी आम्ही सहज 'तो गाणी लावतो' म्हणतो आणि त्याला ते लागतं. 'मामा, मी वाजवतो,' असं तो म्हणतो. बरोबर क्रियापद कोणतं?"

भाच्याचं दुखणं मला कळतं. आपण पेटी वाजवतो, ढोल वाजवतो. रेडिओ मात्र लावतो. त्यामुळे लावायला बटण पुरतं, वाजवायला मात्र कसब लागतं, असं वाटत राहतं. त्यात 'डीजे' हा शब्द मराठीत माणसापासून सुटलाच. मुळात डिस्क जॉकी म्हणजे तबकड्यांवरचा स्वार, अमेरिकी रेडिओवर गाणी ऐकवणारा निवेदक. आपण 'डीजे आणला' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे स्पीकरांची भिंत येते. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिलाच 'डॉल्बी' म्हणतात. (रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली आणि तिचं नाव झालं ते टेपवरची खरखर घालवण्याच्या तंत्रामुळे. शब्द कुठून कुठे जातात!) शब्द यंत्राला चिकटला, म्हणून माणसासाठी 'डीजेवाला' तयार झाला.

पण 'लावणे' हलकं कधीपासून झालं? तंबोरा लावतात. तबला लावतात. गवई सूर लावतो, अभंगाला चाल लावतात. इथे लावणं म्हणजे एक गोष्ट दुसरीशी जुळवून आणणं, आणि तेही कानाने. डीजेचं मुख्य काम नेमकं हेच आहे. एक गाणं स्पीकरवर चालू असतं, दुसरं तो हेडफोनमध्ये ऐकतो आणि त्याची लय पहिल्याशी मिळवतो. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावर, गती बदलायची पट्टी आठ टक्क्यांपर्यंत सरकते. म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं फार तर १३० च्या जवळ जातं. ९५ ठोक्यांचं गाणं त्याला जोडायचं तर वेगळी वाट काढावी लागते. नुसते ठोके जुळूनही भागत नाही. नाचाच्या बहुतेक गाण्यांत बत्तीस ठोक्यांचं एक आवर्तन धरतात. नवं गाणं त्याच्या पहिल्या ठोक्यावर आलं नाही तर पाय अडखळतात. समेवर येणं म्हणजे काय ते आपल्या श्रोत्यांना शिकवायला नको.

आता सॉफ्टवेअरमध्ये 'सिंक'चं बटण असतं आणि ते लय आपोआप जुळवतं, हे खरं. मात्र जुनी सिनेगीतं वादकांनी एकत्र बसून वाजवलेली. त्यांची लय मध्येच किंचित चढते, उतरते. यंत्राने ठोक्यांसाठी आखलेल्या रेघा तिथे चुकतात. लग्नात तर हीच गाणी हमखास मागतात. तिथे ज्याचा कान तयार, तोच तरतो.

'वाजवणे' कुठे शोभतं? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तिच्यातला तालाचा तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. पुढे तबकडी हाताने मागेपुढे घासून, म्हणजे 'स्क्रॅच' करून, नवाच आवाज काढणारे आले. तिथे तबकडी सरळ वाद्य झाली. त्यांच्यासाठी दुसरं क्रियापद मला सुचतच नाही.

आणखी एक कसब या दोन्ही शब्दांत मावत नाही : पुढचं गाणं कोणतं, हे ओळखणं. हळदीत कोळीगीतावर आजी उठून नाचायला आली, तर तिचा दम आणि पोरांचा जोर दोन्ही सांभाळेल असं गाणं पुढच्या दोन-तीन मिनिटांत शोधायचं असतं. गवई 'जागा घेतो' म्हणतात तसंच हे. आवाज वाढवून ते साधत नाही. मिक्सरवरचा, आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा पेटता ठेवला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि गाणं फाटतं. मिक्सरसमोर बसून ते फाटू देणाऱ्याला मी तरी डीजे म्हणणार नाही.

तेव्हा मामांना उत्तर असं : भाचा स्क्रॅच करत असेल तर बिनदिक्कत 'वाजवतो' म्हणा. एरवी 'गाणी लावतो' हे शुद्ध मराठी आहे, फक्त तंबोरा लावणाऱ्याबद्दल बोलताना जो सूर असतो त्या सुरात म्हणा. आणि 'नुसती' हा शब्द त्याच्या आधी आणू नका. बहुधा त्याला लागतो तो तोच.