आधी एक नाक ओळखायला शीक

ब्रिटिश रेल्वेच्या डिझेल इंजिनांचे सगळे क्लास (म्हणजे प्रकार) पाठ करायला बसू नकोस, मीही ते केलं आणि महिन्याभरात विसरलो. एकच इंजिन धर. माझं ऐकशील तर क्लास ३७. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची घडण, १९६० ते १९६५ मध्ये ३०९ इंजिनं, १,७५० अश्वशक्ती.

फोटोत आधी नाक बघ. मध्ये दार आणि दोन्ही बाजूंना हेडकोडच्या (गाडी ओळखायच्या कोडच्या) छोट्या पेट्या दिसल्या, तर ते सुरुवातीच्या ११९ पैकी. मधोमध एकच लांब पेटी असेल तर नंतरचं. (नाक नवं बसवलेलीही भेटतात, तेवढं सांभाळ.) पेटीत गाडीचा खरा कोड दिसला तर फोटो बहुधा १९७६ च्या आधीचा, त्यानंतर ते कोड लावणं बंद झालं.

नंबरात मात्र फसशील. इंजिनांचे नंबर बदलले तेव्हा डी६७०१ झालं ३७००१, पण पहिलंवहिलं डी६७०० थेट ३७११९! नव्या संगणकी क्रमांकात ००० चालत नव्हतं.

मागे सिग्नलचा हात दिसतोय? रस्ता मोकळा देताना तो खाली झुकत असेल, तर बहुतेक जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीचा मुलूख. इतरत्र तो सहसा वर उचलला जातो.

डेल्टिक हा दुसरा डिझेल क्लास नंतर. बावीसच होती, पळून जात नाहीत.