धान्याच्या बाजाराला एवढा घुमट कशाला?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडात लीड्सला शिकायला गेलाय, त्यानं तिथल्या कॉर्न एक्स्चेंजचे आतले फोटो पाठवले. मी पडलो मार्केट यार्डातला आडत्या, धान्याच्या बाजाराला एवढा घुमट कशाला ओ? आणि बांधणारा ब्रॉड्रिक पुढं सगळं सोडून फ्रान्सला गेला म्हणे, कर्ज-बिर्ज झालं होतं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आडते आहात म्हणजे अर्धं उत्तर तुम्हालाच माहितीय की. मालदांडी बघताना मूठभर ज्वारी हातावर घेऊन तुम्ही गाळ्याच्या दारात उजेडाला येताच ना? अंधारात किडका दाणा दिसत नाही आणि झगझगीत उन्हात सगळाच माल चांगला वाटतो. म्हणून ब्रॉड्रिकनं त्या लंबगोल इमारतीच्या घुमटाला उत्तरेच्या अंगानं भरपूर काच घातली, तिकडनं ऊन थेट येत नाही, नुसता एकसारखा उजेड येतो. आपल्याकडं मिलच्या करवती छपरांत हीच युक्ती असायची. काम १८६१ ते १८६३ चं.

कथबर्ट ब्रॉड्रिक मूळचा हल गावचा, जन्म १८२१. तिथंच हेन्री लॉकवुड या आर्किटेक्टच्या हाताखाली शिकला, मग फ्रान्स-इटली फिरून आला, आणि लीड्स टाउन हॉलच्या आराखड्याची स्पर्धा मारली तेव्हा गडी जेमतेम तिशी ओलांडलेला, लंडनमध्ये कुणी ओळखत नव्हतं. पुढं मात्र घर पहावं बांधून! कंत्राट ४२ हजार पौंडांच्या आसपास आणि शेवटी खर्च १ लाख २० हजारांच्या वर, त्यात मनोरा बांधायचा का नाही यावर कौन्सिलमध्ये वाद. ठेकेदाराचं दिवाळं निघालं पण १८५८ ला उद्घाटनाला खुद्द व्हिक्टोरिया राणी आली. स्कारबरो या समुद्रकाठच्या गावचं ग्रँड हॉटेलही त्याचंच, चार ऋतूंचे ४ मनोरे, आठवड्यांची ५२ धुराडी, असलं काय काय. मला विचाराल तर ती शोबाजी, कॉर्न एक्स्चेंजची सर त्याला नाही.

तेव्हा बुडाला तो ठेकेदार, ब्रॉड्रिक नव्हे. त्याच्या हातनं मोठमोठ्या स्पर्धा हुकत गेल्या, लंडनच्या नॅशनल गॅलरीचीसुद्धा, आणि पन्नाशीच्या आतच तो फ्रान्सला जाऊन चित्रं काढत, बागकाम करत राहिला. वारला १९०५ ला, जर्सी बेटावर. भाच्याला म्हणावं लीड्स सिटी म्युझियमही बघून ये, ती इमारत याचीच, आणि आत जायला तिकीट नाही.