रेडच्या तोंडाशी पाय थरथरतात, त्याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: म्युनिकमध्ये येऊन चार वर्षं झाली, वय ४१, मागच्या हिवाळ्यात स्कीचा पाच दिवसांचा कोर्स केलात, ब्लू म्हणजे सोपे उतार जमतात, पण रेडच्या, म्हणजे मध्यम अवघड उताराच्या तोंडाशी गेलं की पाय थरथरतात. चेअरलिफ्टची धास्ती वाटते. मैत्रिणीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ते डोक्यातून जात नाही. नवरा आणि मुलगी खाली थांबून वाट बघतात, त्याची लाज वाटते. त्यात तेरा वर्षांच्या मुलाला यंदा स्नोबोर्ड हवाय. फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये आठवडा बुक झालेला आहे आणि तुम्ही विचारताय की ही भीती जाते का, की सोडून द्यावं.

मी स्की शिकले छत्तिसाव्या वर्षी, त्याला पंधरा हिवाळे झाले. गेली काही वर्षं आमच्या क्लबात प्रौढ नवशिक्यांच्या गटाला मदत करते. तिथे "मला भीती वाटते" असं सरळ कुणी म्हणत नाही. "बूट टोचतोय", "आज दमलेय", "तुम्ही व्हा पुढे, मी खाली कॉफी घेते" असं म्हणतात. तुम्ही स्वच्छ लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

सोडू नका. पण "हिंमत ठेवा" असंही मी म्हणणार नाही, कारण तुमचा प्रश्न हिमतीचा नाहीच. भीती वाटली की शरीर काय करतं, तिथे खरी गोम आहे.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाच्या अंगात उतरायचं एकच तंत्र भिनलेलं असतं. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घसाऱ्यावर आपण टाच रोवतो, मागे रेलतो, अगदीच अवघड झालं तर बूड टेकून सरकतो. तिथे ते बरोबर आहे. स्कीवर तेच केलं की वजन स्कीच्या शेपटीकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे जातं आणि पुढची टोकं हलकी होतात. वळण सुरू होतं ते पुढच्या भागाने, त्यामुळे स्की वळायचं नाव घेत नाही, सरळ खाली पळते. वेग वाढला की आपण आणखी मागे रेलतो. ज्याची भीती होती ते भीतीनेच घडवून आणलेलं असतं. शिवाय मागे बसून उतरताना सगळा भार मांड्यांवर येतो. तुमच्या पायांची ती थरथर निम्मीच मनातली आहे, उरलेली दमलेल्या मांड्यांची आहे.

म्हणून रेडवर उभं राहिल्यावर मनाला समजावत बसू नका, नडगीकडे लक्ष द्या. नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये एक कागद धरलाय आणि तो पडू द्यायचा नाही, असं समजा. दोन्ही हातमोजे सतत नजरेच्या टप्प्यात हवेत. हात मागे गेले की खांदे मागे जातात, आणि पुढचं सगळं मी वर लिहिलंच आहे.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे साइड-स्लिप, म्हणजे स्की आडव्या ठेवून घसरत उतरणं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात चौथ्याच दिवशी मित्रमंडळींनी मला रेडवर नेलं. हेतू चांगलाच होता. पण दुपार झालेली, सकाळपासून शेकडो लोकांनी खरवडून वरचा बर्फ निघून गेलेला, खाली काचेसारखा थर. दोनदा पडले आणि मग स्की काढून कडेकडेने बुटांवर चालत उतरले. सव्वा तास लागला. त्यानंतर दोन हिवाळे असे गेले की उतार जिथे नजरेआड वळतो तिथे पोचले की तोंडाला कोरड पडायची.

ते सुटलं एका वयस्क प्रशिक्षकांमुळे. त्यांनी मला एकही वळण घ्यायला लावलं नाही, अर्धा तास नुसतं घसरवलं. उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेत वाहील, त्या रेषेला दोन्ही स्की आडव्या ठेवायच्या. गुडघे डोंगराकडे किंचित कलवले की कडा रुततात आणि आपण थांबतो. घोटे सैल सोडले की कडा सपाट होतात आणि आपण आडवेच खाली घसरू लागतो. गॅसची ज्योत बारीक-मोठी करावी तसं हे हळूहळू हाताळता येतं. बर्फ खरवडल्याचा खर्र असा आवाज येतो, आणि त्या आवाजावरून वेग कळायला लागतो. हे एकदा अंगवळणी पडलं की उतार कितीही उभा असो, आडवं राहून हातभर-हातभर खाली येता येतं. मला जे सुटल्यासारखं वाटलं ते यामुळे. वळण जमलं नाही तरी मी अडकून पडणार नाही, हे पायांना कळलं होतं. टिरोलमध्ये पहिल्या सकाळी ब्लूच्या कडेला वीस मिनिटं एवढंच करा, दोन्ही बाजूंनी. आपली एक बाजू कच्ची असते, तिला जास्त वेळ द्या.

उताराच्या आकड्यांनी मला स्वतःला फार धीर दिला होता, म्हणून तेही सांगते. ब्लू साधारण २५ टक्क्यांपर्यंत आणि रेड ४० टक्क्यांपर्यंत उतरतो, मधला एखादा छोटा टप्पा सोडला तर. ४० टक्के ऐकायला भयंकर वाटतं, पण ते कोनात फक्त २२ अंश होतात. घरातला साधा जिना ३० अंशांच्या वर असतो. वरून बघताना उतार आहे त्यापेक्षा उभा दिसतो. रेड आधी खालून बघा, चेअरलिफ्टमधून जाताना बघा, आणि मग ठरवा.

आणि वेळ निवडा. नवा रेड सकाळी पहिल्या तासात, यंत्राने नांगरलेल्या रेघा अजून दिसत असताना करावा. तोच उतार दुपारी तीननंतर ढिगाऱ्यांचा आणि बर्फाळ चकत्यांचा होतो, आणि मांड्याही दमलेल्या असतात. संध्याकाळी गावापर्यंत उतरणाऱ्या शेवटच्या वाटेवर तर सगळ्या डोंगराची गर्दी एकाच वेळी येते. मी आजही अनेकदा तिथून गोंडोल्याने, म्हणजे दोरावरच्या बंद केबिनमधून, खाली येते. तिकीट तेच असतं.

लाजेबद्दल. आपल्याकडच्या प्रौढ बायकांमध्ये ही भीती मला पडण्याच्या भीतीपेक्षा मोठी दिसते. माझ्यामुळे सगळे खोळंबलेत, पाच वर्षांची पोरं सुर्रकन पुढे जातात, मी बघ कशी. नवरा खाली थांबून वर बघत असतो. तुम्ही पोचता तेव्हा त्याची विश्रांती झालेली असते आणि तो लगेच निघतो, म्हणजे सगळ्यात दमलेल्या माणसाला विश्रांतीच मिळत नाही. तर एकत्र उतरायचंच नाही. अकराला अमुक लिफ्टच्या पायथ्याशी भेटू, असं ठरवा आणि मधला वेळ आपला-आपला. सकाळचे दोन तास गटाबरोबर किंवा प्रशिक्षकाबरोबर काढा. नवऱ्याकडून शिकू नका, तो कितीही प्रेमळ असला तरी. त्याच्या प्रत्येक सूचनेत तुम्हाला घाई ऐकू येईल, ती नसली तरीही.

चेअरलिफ्टचं लवकर सुटतं. टिरोलमधल्या बहुतेक मोठ्या, सहा-आठ जणांच्या लिफ्टमध्ये स्टेशनात आल्यावर खुर्ची मुख्य दोरापासून सुटते आणि अगदी संथ होते. जुन्या दोन जणांच्या खुर्च्या संथ होत नाहीत. तिथे लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला हात दाखवून "लांगझाम, बिटं" (हळू, प्लीज) म्हणा, तो वेग कमी करतो, ते त्याचं कामच आहे. पोलचे पट्टे मनगटातून काढा, पाठीवरची पिशवी पुढे घ्या म्हणजे पट्टा अडकणार नाही. बसल्याबसल्या दांडा खाली. उंचीचा त्रास होत असेल तर खाली बघू नका, पुढच्या खांबाकडे बघा. उतरताना स्कीची टोकं वर, तळ बर्फाला टेकले की उभं राहा आणि सरळ पुढे निघून जा. तिथेच थांबलं तर मागची खुर्ची अंगावर येते.

आता गुडघा. तुमची काळजी खोटी नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट, तुटणं ही स्कीमधली नेहमीची मोठी दुखापत आहे, आणि बायकांमध्ये तिचं प्रमाण जास्त आहे. ती बऱ्याचदा वेगात, धडाक्याने पडून होत नाही. तोल मागे जातो, बूड गुडघ्यांच्या खाली येतं, सगळं वजन खालच्या स्कीच्या शेपटीवर पडतं, ती शेपटी आत वळते, आणि बूट टणक असल्यामुळे तो पीळ थेट गुडघ्यात जातो. म्हणजे पुन्हा तेच, मागे रेलणं. तेव्हा पडतोय असं कळलं की मागे बसत सावरायची धडपड नको. हात पुढे, पाय जवळ, आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. घसरता घसरता उठायला जाऊन गुडघा गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

भाड्याच्या दुकानात वजन खरं सांगा. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड, किती जोराला सुटावं, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची पातळी यावरून लावतात. संकोचाने पातळी चढवून सांगितली तर ते घट्ट लागतं आणि सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. वजन कमी सांगितलं तर नको तिथे सुटतं. पण बरोबर लावलेलं बाइंडिंगही मुख्यतः नडगीचं हाड वाचवतं, वरच्यासारख्या पिळात गुडघा वाचेलच असं नाही.

बुटांवर वेळ घालवा, अगदी अर्धा तास गेला तरी चालेल. आपले लोक दुखायला नको म्हणून एक नंबर मोठा घेतात आणि थंडी वाजेल म्हणून दोन मोजे चढवतात. मग पाय आत पोहतो, स्कीवर ताबा राहत नाही, आणि त्यालाच आपण भीती समजतो. एकच पातळ, लांब मोजा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. टाच उचलता कामा नये. क्लबात मी कुणाची भीती ऐकली की आधी वाकून बूट बघते.

मागून कुणीतरी येऊन धडकेल, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण येईल. मला एकदा एक जण येऊन आदळला, मनगट मोडलं. नियम स्पष्ट आहे: खाली असलेल्याचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने जपायचं. तुम्ही सारखं मागे वळून बघू नका, त्याने तोल जातो. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. थांबायचं ते कडेला आणि वरून दिसेल अशा जागी, उंचवट्याच्या आड कधीच नाही. आणि निघताना किंवा दुसऱ्या उताराला मिळताना आधी वर बघायचं.

मुलाला स्नोबोर्ड शिकू द्या. बोर्डवर गुडघ्यापेक्षा मनगट जास्त मोडतं, आणि बहुतेक पहिल्या काही दिवसांतच, कारण पडताना हात टेकला जातो. मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून, हेल्मेट अर्थातच. पडताना मूठ मिटायची, पसरलेल्या पंजावर पडायचं नाही. बोर्डची उताराकडची कड अचानक बर्फात रुतली की माणूस क्षणात आपटतो, मागच्या मागे पडला तर डोकं आपटतं. पहिले दोन दिवस तो वैतागेल, ठेचाळेल, "स्कीच बरी होती" म्हणेल. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

एक भीती मात्र घालवू नका. हिमस्खलनाची. खुल्या, खुणा केलेल्या पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारावर, तिची फार चिंता नको, तिथली जबाबदारी घेणारी माणसं असतात. पण पिस्टच्या कडेची दोरी ओलांडून त्या सुंदर, न मळलेल्या बर्फात गेलं की हिशोब बदलतो. धोक्याची पातळी १ ते ५ अशी जाहीर होते आणि लोक ३ बघून "मध्यमच आहे" म्हणून निघतात. आल्प्समधले जवळपास निम्मे मृत्यू ३ असतानाचे आहेत. आणि बहुतेक वेळा तो थर सुटतो तो त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनानेच. मुलगा चौदा-पंधराचा झाला की मित्रांबरोबर दोरीपलीकडे बघायला लागेल, तेव्हा हे घरात आधीच बोललेलं असू द्या. पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्या नातेवाइकांनाही सांगा. तिथल्या गोंडोल्याचा वरचा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३९०० मीटरच्या पुढे नेतो, आणि तिथून खाली युरोपसारखे नांगरलेले पिस्ट नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच डोंगरावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. नवशिक्यांनी खालच्या मैदानावरच शिकावं.

जायच्या आधी विमा बघा. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्यात ऑस्ट्रियातल्या डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च सहसा येत नाही, आणि ते बिल काही हजार युरोंचं असतं. पाच जणांचं कुटुंब असो की दोघांचं, वेगळा विमा त्यामानाने किरकोळ पडतो. तुमच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्यासाठी हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, आहे ना, तेही तपासा.

फेब्रुवारीच्या आधी एखाद्या शनिवारी ब्राउनेकच्या डोंगरावर स्कीला जायचं असेल तर कळवा. म्युनिकहून लेंगरीसपर्यंत ट्रेन जाते, तिथून पायथा जवळ आहे. मी येते, आपण दोघी फक्त घसरू.