वाइज थिन क्लायंटसाठी सर्व्हर लावतोयस? आधी एकच बॉक्स घे

अरे, चाळीस थिन क्लायंटवर (खरं काम सर्व्हरवर चालवणारे छोटे कॉम्प्युटर) हाताने सेटिंग करत बसू नकोस. डेल वाइजचे बॉक्स थिनओएस (त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम) ८ किंवा त्याआधीचे असतील तर साधा एफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देणारा सर्व्हर, पुरतो. त्यात 'वाइज' फोल्डर, त्याच्या आत 'डब्ल्यूएनओएस', आणि त्यात 'डब्ल्यूएनओएस डॉट आयएनआय' ही सेटिंगची टेक्स्ट फाइल. डीएचसीपीत (नेटवर्कवर बॉक्सला आपोआप पत्ता देणारी सेवा) ऑप्शन १६१ ला सर्व्हरचा पत्ता दे. बॉक्स सुरू होताना फाइल आपणच ओढून घेतो. थिनओएस ९ ला मात्र वाइज मॅनेजमेंट सूट हे डेलचं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लागतं.

फर्मवेअरही (बॉक्सचं आतलं सॉफ्टवेअर) त्याच फोल्डरात टाकायचं, आणि खरी गोम इथेच आहे. आयएनआय फाइलमध्ये 'ऑटोलोड' (फर्मवेअर आपोआप अपडेट करायचं की नाही ते ठरवणारी सेटिंग) सुरुवातीला ० ठेव. मी एकदा १ ठेवून नवी फाइल टाकली नि घरी गेलो. सकाळी सगळे बॉक्स एकदम अपडेटला लागले, कुणीतरी वैतागून मेन स्विच बंद केला. दोन बॉक्स उठलेच नाहीत. निस्तरण्यात आख्खा दिवस गेला, बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता आधी एका बॉक्सवर तपासतो, मग ऑफिस रिकामं असताना १ करतो.

एफटीपीचं खातं फक्त वाचण्यापुरतं दे, आणि आयएनआय फाइलमध्ये कुणाचा पासवर्ड लिहू नकोस.