मालवणच्या किनाऱ्यावर मुलांसह चालायचे असेल, तर आधी ओहोटी पाहा

डिसेंबरमध्ये तीन दिवस मालवणला मुक्काम, बरोबर पाच आणि नऊ वर्षांची मुले, गुडघेदुखी असलेल्या सासूबाई, वॉटर स्पोर्ट्सची कोणालाच फारशी हौस नाही आणि समुद्राच्या कडेने सगळ्यांना मिळून चालता येईल अशा जागा हव्यात, असा आपला प्रश्न आहे. मीही कोल्हापूरचाच. गेली अठरा-वीस वर्षे राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून मालवणला जात आलो आहे. आधी मुले कडेवर होती, मग बोट धरून चालू लागली, आणि आता आई बरोबर असते. त्या अनुभवातून सांगतो, की जागा कोणती निवडायची यापेक्षा कोणत्या वेळी निघायचे हे जास्त महत्त्वाचे आहे. आपल्याला कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची सवय असते. तिथे सकाळी सहाला जा की संध्याकाळी सातला, पाणी आणि वाट आपल्या जागी असतात. समुद्राचे तसे नसते. ज्या पुळणीवर सकाळी क्रिकेटचे मैदान मावेल एवढी जागा होती, तिथे संध्याकाळी माडांच्या बुंध्यापर्यंत पाणी आलेले असू शकते.

म्हणून आपल्या मुक्कामाच्या तारखांची तिथी आधी दिनदर्शिकेत पाहून घ्या. पौर्णिमेला आणि अमावास्येला मालवणच्या बाजूला भरती साधारण सकाळी अकराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास असते, आणि पुढच्या प्रत्येक दिवशी ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतचे दिवस संध्याकाळच्या फेरीला उत्तम, कारण सूर्यास्ताच्या वेळी पाणी मागे हटलेले किंवा हटत असते. अष्टमीच्या आसपास मात्र संध्याकाळी भरती येते. अशा दिवशी सकाळी आठ ते अकरा ही वेळ चालण्यासाठी ठेवावी आणि संध्याकाळी नुसते बसावे. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. नेमकी वेळ किनाऱ्यावरच्या कोणत्याही नाववाल्याला विचारली तर तो लगेच सांगेल.

ओहोटीचा आग्रह धरण्याचे पहिले कारण सासूबाईंचे गुडघे. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यावर ताण येतो. पाणी नुकतेच मागे गेलेली ओली वाळू मात्र घट्ट असते, तिच्यावर जवळजवळ रस्त्यासारखे चालता येते. मात्र हा पट्टा समुद्राकडे किंचित उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने बराच वेळ चालल्यास एका पायावर जास्त भार येतो. गेलेल्या वाटेनेच परत आल्यास तो भार दोन्ही पायांना सारखा वाटला जातो. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा बहुधा वायव्येकडचा असतो. म्हणून जाताना उत्तरेकडे तोंड करून निघावे, म्हणजे परतताना मुले दमलेली असताना वारा पाठीशी राहतो. ही साधी गोष्ट आम्हाला कळायला तीन सहली लागल्या.

पहिल्या संध्याकाळी घाटाचा प्रवास झालेला असतो, त्यामुळे लांब जाऊ नये. गावाला लागूनच असलेला चिवला वेळा हा किनारा त्या दिवसासाठी पुरेसा आहे. किनारा अर्धचंद्राकृती आहे, मागे माड आहेत, आणि थकलेल्या माणसाला कुठेही थांबून मागे वळता येते. सकाळी गेलात आणि रापण ओढणे चालू असेल, तर मुलांना तिथे अर्धा तास थांबू द्या. होडीतून जाळे समुद्रात गोलाकार टाकून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचे, ही मासेमारीची सामूहिक पद्धत मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. फक्त ताणलेल्या दोराच्या आत कोणी उभे राहू नये आणि रापणकरांच्या कामात आपला अडथळा होऊ देऊ नये.

चिवल्याजवळच्या रॉक गार्डनला लोक सूर्यास्तासाठी जातात, पण मुलांसाठी खरी मौज ओहोटीच्या वेळी खडकांत साचलेल्या पाण्याच्या खळग्यांत असते. शंखाचे घर पाठीवर घेऊन चालणारे खेकडे आणि फुलासारखे उमललेले समुद्रफूल तिथे हात न लावता पाहता येते. शेवाळ आलेल्या खडकावर पाय सटकतो आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, म्हणून अनवाणी अजिबात उतरू नये. आपल्या कोल्हापुरी चपलाही इथे उपयोगाच्या नाहीत. खाऱ्या पाण्याने कातडे कडक होऊन बिघडते. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घ्याव्यात. सासूबाईंना खडकांत नेऊ नका, त्यांच्यासाठी वरच्या बाजूला बसायला जागा आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी सकाळची पहिली नाव धरावी. 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला सुमारे 48 एकरांवर पसरला आहे आणि त्याची तटबंदी साधारण तीन किलोमीटर भरते. तटावरून पूर्ण फेरी मारण्याचा हट्ट लहान मुलांबरोबर धरू नये. कडेला कठडा सगळीकडे नाही आणि सावलीही नाही. नाववाले बहुधा तासाभराचा वेळ देतात, तो आम्हाला नेहमी अपुरा पडतो. निघण्यापूर्वीच बोलून जास्त वेळ मागून घ्यावा. सासूबाईंना शिवराजेश्वराच्या देवळात निवांत बसू द्या, मुलांना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवा. चारही बाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी कसे, हा प्रश्न ती स्वतःच विचारतील. आणि त्यांना हेही सांगा, की 1812 च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले, त्याआधी ते आपल्या करवीरकर छत्रपतींच्या राज्यात होते. त्यानंतर माझ्या मुलाला तो किल्ला परका वाटेनासा झाला.

आता पद्मगडाविषयी, कारण तिथे जाण्याचा मोह होणारच. दांडीच्या किनाऱ्यासमोरच्या या छोट्या गडावर ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावरून चालत जाता येते. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे फोटो काढण्यात रमलो आणि परत निघालो तेव्हा येताना कोरडी असलेली वाट गुडघाभर पाण्याखाली गेली होती. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराने हाका मारून कुठून यायचे ते दाखवले. सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन मी बाहेर आलो, पण तिच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे: पाणी उतरत असतानाच जायचे आणि ते पूर्ण उतरण्याआधी परतीला लागायचे. आपल्याला पाच वर्षांचे मूल आणि दुखरे गुडघे दोन्ही सांभाळायचे आहेत. मी आपल्या जागी असतो तर या वेळी पद्मगड दांडीवरूनच पाहिला असता. त्याच बाजूला मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याच्या बांधकामापूर्वी शिवाजी महाराजांनी पूजन केले ती ही जागा असे मानतात. तिथली छोटी फेरी सगळ्यांना जमते.

तिसऱ्या दिवशी तारकर्ली. तिथली पुळण लांब आणि सपाट आहे, आणि मुलांना खरोखर मोकळे सोडता येईल अशी जागा माझ्या मते हीच. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. नखाएवढे खेकडे वाळूतले अन्न वेचून उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती टाकतात आणि पुढची भरती ते सगळे पुसून नेते. माझी मुले त्यातच तासभर रमत, आणि चालायचे राहून गेले तरी कोणाची तक्रार नसे. पुढे देवबागेत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असल्यामुळे काही मिनिटांत एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे जाता येते. नदीकडची बाजू शांत आहे आणि आजींना ती अधिक आवडेल. टोकाला संगमावर मात्र पाण्याला जबरदस्त ओढ असते, तिथे घोट्यापर्यंतही मुलांना उतरवू नये.

एक विनंती आहे. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या आसपासचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा मुलांच्या पिशव्यांत जिवंत शंख आणि प्रवाळाचे तुकडे भरून आणू नयेत. आम्ही मुलांना एकच रिकामा शिंपला निवडायची मुभा देत होतो, आणि तो निवडण्यासाठी ती सगळा किनारा नीट पाहत. तारखा कळवल्यात, तर तिथी पाहून कोणत्या दिवशी कोणती फेरी घ्यावी ते मी मांडून देईन.